जुन्या गाडीचं हायड्रॉलिक स्टिअरिंग काढून इलेक्ट्रिक बसवायचं असेल तर

पार्किंगच्या जागी रोज सकाळी हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) स्टिअरिंगच्या लाल तेलाचा डाग दिसायला लागला आणि स्टिअरिंग फुल लॉकला, म्हणजे पार टोकापर्यंत, घेतलं की बॉनेटखालून कण्हल्यासारखा आवाज यायला लागला, की जुन्या एस्टीमचा, इंडिकाचा किंवा पहिल्या सँट्रोचा मालक एका ठरलेल्या वाटेला लागतो. आधी टॉपअप, मग होज, मग पंप, मग रॅकचं (चाकं डावी-उजवीकडे ढकलणाऱ्या आडव्या दांड्याचं) सील किट आणि काही महिन्यांनी पुन्हा टॉपअप. अशात गॅरेजमध्ये कुणीतरी सांगतंच, "साहेब, सोडा हे तेलाचं झंझट. वॅगन आरचं इलेक्ट्रिक टाकून देतो, एका दिवसाचं काम आहे."

सल्ला चुकीचा नाही. एका दिवसात होतं, ही बाब मात्र विसरा. हे काम बऱ्याच ठिकाणी "वायरिंगचं काम" समजून केलं जातं, आणि खरा धोका वायरिंगमध्ये नसून लोखंडात असतो. तो का, हे समजलं तर काम स्वतः करा किंवा करून घ्या, मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून नेमकं कुठे बोट ठेवायचं ते कळेल. इथे मारुती एस्टीममध्ये २०१० पूर्वीच्या वॅगन आरचा कॉलम (स्टिअरिंगच्या चाकाखालचा, मोटर बसवलेला दांडा) बसवायचा, हे उदाहरण धरलं आहे. बाकी लहान गाड्यांना तर्क तोच लागतो, मापं बदलतात.

आधी खात्री: बदलायची खरंच गरज आहे का?

पुढची दोन्ही चाकं जॅकने उचला, गाडी स्टँडवर ठेवा, इंजिन बंदच राहू द्या. आता स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने फिरवा. चाकं हवेत असताना ते फारसा जोर न लावता, सगळीकडे सारखं फिरायला हवं. मध्येच अडकत असेल किंवा एका ठरावीक जागी जड लागत असेल तर दोष तेलाचा नाही. बॉल जॉइंट, शॉकअपच्या वरचं बेअरिंग किंवा स्टिअरिंगपासून रॅककडे जाणाऱ्या शाफ्टचा गंजलेला क्रॉस (कोनात फिरू देणारा सांधा) बघा. यावर इलेक्ट्रिक मोटर लावली तर दुखणं झाकलं जाईल, बरं होणार नाही.

मग तेलाची टाकी उघडा. तेलात फेस असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर टाकीपासून पंपाकडे जाणाऱ्या जाड नळीचा क्लिप सैल असण्याची दाट शक्यता आहे. तिथून तेल बाहेर येत नाही, हवा आत ओढली जाते. एका क्लिपचा खर्च! बेल्ट ढिला असेल तर वळवताना किंचाळतो. टायरमध्ये हवा कमी असेल तर चांगलं स्टिअरिंगही जड लागतं. फुल लॉकला क्षणभर आवाज येणं तर सगळ्याच हायड्रॉलिकमध्ये नैसर्गिक आहे, कारण तिथे पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो.

आता रॅकच्या दोन्ही टोकांची रबरी बेलो दाबून बघा. आत तेल डुचमळत असेल तर रॅकची सीलं गेली. नुसता पंप गेला असेल आणि तो मिळत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: पंप बदला आणि हा लेख बाजूला ठेवा. रॅक आणि पंप दोन्ही गेलेत, किंवा सील किट टाकूनही रॅक पुन्हा गळतोय कारण आतल्या दांड्यावर गंजाचे खड्डे पडलेत, किंवा तुमच्या मॉडेलचे भाग बाजारातूनच गेलेत, अशा वेळी इलेक्ट्रिकचा विचार करा. मायलेज वाढेल या आशेने करू नका. पंपाचा इंजिनवरचा भार जातो हे खरं, पण त्या बचतीतून या कामाचा खर्च निघायला बरीच वर्षं लागतील.

जोर कुठून कुठे जातो

हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये तुमचे हात चाकं वळवत नाहीत, ते फक्त इशारा देतात. पिनियनच्या (रॅक सरकवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या) वर एक बारीक पिळणारी सळई असते, तिला टॉर्शन बार म्हणतात. तुम्ही स्टिअरिंग फिरवलं की ती किंचित पिळते, त्यामुळे व्हॉल्व्ह उघडतो आणि पंपाचं दाबाखालचं तेल थेट रॅकमधल्या पिस्टनला ढकलतं. म्हणजे मोठा जोर रॅकवरच तयार होतो आणि तिथेच खर्च होतो. वरचा शाफ्ट, त्याचे क्रॉस, पिनियनचे दाते यांच्यावर तुमच्या हाताएवढाच ताण येतो.

कॉलमवर बसणारी इलेक्ट्रिक मोटर डॅशबोर्डखाली, स्टिअरिंगच्या जवळ असते. तिचा सगळा जोर शाफ्टमधून, दोन्ही क्रॉसमधून, पिनियनमधून खाली जातो. जो शाफ्ट आजवर नुसता निरोप पोचवत होता, त्याला आता ओझं वाहायचं आहे. शिवाय मोटर शाफ्टला एका दिशेने पिळते तेव्हा कॉलमची बॉडी उलट्या दिशेने पिळली जाते, म्हणजे ब्रॅकेटवरही नवा ताण आला. पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीवरून ठरते. वायरिंग चुकलं तर बहुतेक वेळा दिवा पेटतो आणि स्टिअरिंग जड होतं. शाफ्टचा जोड सुटला तर स्टिअरिंग हातात आणि चाकं मोकळी.

कोणती व्यवस्था घ्यायची

दोन वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे रॅक हायड्रॉलिकच ठेवायचा आणि इंजिनवरचा पंप काढून त्या जागी विजेवर चालणारा पंप लावायचा. युरोपात ओपेल अ‍ॅस्ट्राच्या १९९८ नंतरच्या पिढीत असा पंप कंपनीकडूनच यायचा, आणि तिकडे जुन्या गाड्यांना तो उचलून लावणारे बरेच आहेत. जड गाड्यांना ही वाट बरी, कारण शाफ्टवर नवा भार येत नाही. पण तुमचा रॅकच गळत असेल तर ती काय कामाची? विजेचा पंपही जोरात ७०-८० अँपियरपर्यंत ओढू शकतो, आणि त्याला पुरेल असा अल्टरनेटर जुन्या लहान गाडीत नसतो.

दुसरी वाट म्हणजे कॉलमवरची मोटर. ब्रिटनमध्ये जुन्या मिनी आणि फोर्ड एस्कॉर्टवाल्यांमध्ये ओपेल कोर्साचा कॉलम लोकप्रिय आहे. आपल्याकडे तो मान वॅगन आर, अल्टोसारख्या सुझुकी गाड्यांच्या कॉलमला. ते साहजिकही आहे, कारण सुझुकीने १९८८ सालीच जपानमध्ये सर्वो या छोट्या गाडीत कॉलमवरचं इलेक्ट्रिक स्टिअरिंग दिलं होतं. मारुतीच्या गाड्यांतले असे कॉलम भंगार बाजारात सहज सापडतात.

कॉलम निवडताना वजनाची जोडी बघायची. एस्टीम ९०० किलोच्या आतबाहेरची, जुनी वॅगन आरही त्याच वर्गातली, म्हणून मोटर पुरते. बोलेरो किंवा स्कॉर्पिओच्या नाकाखाली अल्टोचा कॉलम लावणारे आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका. मोटर जळणं हा त्यातला सौम्य शेवट असतो.

तुमच्या गाडीत स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर इथेच थांबा. कॉलम बदलला की एअरबॅगचं कनेक्शन, अपघातात कॉलमने दबायची पद्धत, सगळंच बदलतं. ते घरगुती काम नाही.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडक अर्थाने वाचलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. आरसीवर स्टिअरिंगचा प्रकार लिहिलेला नसतो, म्हणून "यात काही येत नाही" असं गॅरेजवाले बिनधास्त सांगतात. ते अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेयरसमोर तुमच्या बाजूने उभे राहणार नाहीत. काम सुरू करण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा, उत्तरही लेखी घ्या आणि आरटीओत चौकशी करा. शेवटची एस्टीमही २००७ सालची, म्हणजे सगळ्या एस्टीम १५ वर्षांचं रजिस्ट्रेशन संपून दर पाच वर्षांच्या नूतनीकरणावर आलेल्या आहेत, आणि त्या तपासणीत स्टिअरिंग बघतात. "नाही" असं उत्तर आलं तर रॅक दुरुस्त करून घेणं हाच मार्ग उरतो.

कॉलम विकत घेताना

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ. प्रत्येक शहराचा एक बाजार असतो. शक्य असेल तर अजून न उघडलेली गाडी शोधा आणि तुमच्या देखत सुटं करून घ्या. सुटा मिळणारा कॉलम स्वस्त असतो, पण त्यासोबतच्या लहानसहान गोष्टी गायब असतात, आणि त्याच गोळा करायला दमछाक होते.

एकाच गाडीतून घ्यायच्या गोष्टी: मोटरसकट कॉलम, त्याचा कंट्रोलर (मोटर चालवणारी इलेक्ट्रॉनिक डबी), दोन्हींना जोडणारी पूर्ण हार्नेस (वायरींची जुडी) आणि प्रत्येक कनेक्टरमागे किमान हातभर वायर, खालचा शाफ्ट क्रॉससकट, कॉलमचे ब्रॅकेट-बोल्ट, आणि मुख्य फ्यूज त्याच्या होल्डरसकट. कॉलम एका गाडीचा आणि कंट्रोलर दुसऱ्या गाडीचा असं घेऊ नका, "सेमच आहे" म्हटलं तरी. कंट्रोलर टॉर्क सेन्सरच्या (हाताचा जोर मोजणाऱ्या भागाच्या) ज्या सिग्नलची वाट बघतो तो नेमका तसाच आला नाही, तर तो काम नाकारतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीचं काम करतो. लेबलावर सोना कोयो किंवा राणे एनएसके अशी नावं दिसतील. सोना कोयोचं नाव आता जेटेक्ट इंडिया झालं आहे. लेबलांचे फोटो काढून ठेवा.

कनेक्टरमध्ये दोन बारीक वायरी एकमेकींभोवती पिळलेल्या दिसल्या तर तो कॉलम कॅन लाइनवर (गाडीतल्या कंट्रोलरांच्या आपसातल्या संदेशांच्या वायरीवर) बोलणारा असू शकतो. त्याला मूळ गाडीच्या इंजिन कंट्रोलरकडून संदेश हवे असतात, ते तुमची गाडी देणार नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने असा कॉलम टाळावा. जुन्या वॅगन आरमध्ये वेगासाठी एक साधी वायर आणि इंजिनच्या फेऱ्यांसाठी एक साधी वायर, एवढ्यावर भागतं, म्हणून तो बरा.

दुकानातच शाफ्ट हाताने फिरवून बघा. एकसारखा, थोडा घट्ट फिरायला हवा. खडखड लागली तर आतला वर्म गिअर झिजलेला आहे. कॉलमच्या टोकावर हातोड्याच्या खुणा दिसल्या तर तो परत ठेवा, कारण टॉर्क सेन्सर त्याच अक्षावर असतो आणि ठोकाठोकी त्याला मानवत नाही.

जुनं उतरवणं

बॅटरीची निगेटिव्ह काढा. टाकीतलं तेल सिरिंजने उपसा, मग रिटर्न होज सोडून चाकं दोन्हीकडे फिरवा म्हणजे उरलेलंही येईल. तेल गटारात न ओतता डब्यात भरून वापरलेलं ऑइल घेणाऱ्याकडे द्या. पंप, टाकी, प्रेशर लाइन काढा. पंपाचा बेल्ट एसीलाही फिरवत असेल तर पंपाच्या जागी रिकामी पुली तरी बसवा, नाहीतर दोरीने माप घेऊन छोटा बेल्ट लावा.

पंपावर किंवा लाइनवर एक प्रेशर स्विच असतो. वळवताना आयडल (उभ्या गाडीतले इंजिनचे फेरे) पडू नये म्हणून तो इंजिनला कळवतो. त्याची वायर टेप लावून नीट बांधून ठेवा, कापू नका. इलेक्ट्रिक मोटरही अल्टरनेटरवर भार टाकते, तेव्हा आयडल वाढवायला तीच वायर उपयोगी पडू शकते.

रॅकचं काय करायचं

इथे सर्वात जास्त शॉर्टकट मारले जातात. रॅकची दोन तोंडं एका नळीने एकमेकांना जोडली आणि झालं! असं केल्यावर प्रत्येक वळणाला पिस्टन ते तेल किंवा हवा इकडून तिकडे ढकलत बसतो, जुनी सीलं घासत राहतात आणि स्टिअरिंग आपोआप सरळ यायला कुचराई करतं. मोठा दोष म्हणजे टॉर्शन बार. तो मुद्दाम पिळण्यासाठीच केलेला आहे. आता मोटरचा जोर त्याच्यातून जाणार, म्हणजे आधी तो पिळणार, मग आतल्या अटकावाला टेकणार, मग चाक वळणार. सरळ रस्त्यावर मधल्या जागेत स्प्रिंगसारखा ढिलेपणा जाणवतो, तो याचाच. काहीजण रॅक उघडून पिस्टनचं सील काढतात आणि टॉर्शन बार वेल्डने जाम करतात. बारीक सळईला नेमकी उष्णता देणं हे प्रत्येक वेल्डरचं काम नाही.

सरळ उपाय असा: त्याच मॉडेलच्या बेस व्हेरियंटचा मॅन्युअल रॅक बसवा. एस्टीमच्या एलएक्सला पॉवर स्टिअरिंग नव्हतंच, इंडिकाच्या साध्या मॉडेललाही नव्हतं. त्या रॅकमध्ये टॉर्शन बार नाही, तेल नाही, पिनियनचे दाते सगळा जोर सोसण्यासाठीच घडवलेले. टोकापासून टोकापर्यंत फेरे थोडे जास्त लागतील, पण मोटरची मदत असल्याने त्याची सवय लवकर होते.

बसवण्याआधी दोन्ही रॅक जमिनीवर शेजारी ठेवून मोजा. माउंटिंगच्या भोकांतलं अंतर, बुशचा व्यास, पिनियनचा कोन, आणि विशेष म्हणजे आतल्या दोन बॉल जॉइंटमधलं अंतर. हे शेवटचं माप जुळलं नाही तर खड्ड्यात चाक वरखाली झालं की गाडी आपल्या मनाने दिशा बदलते, आणि कोणतंही अलाइनमेंट ते सुधारू शकत नाही. क्लॅम्प आणि रबरी बुश मॅन्युअल रॅकचेच घ्या.

कॉलम आणि शाफ्ट

घाई करायची असेल तर बाकी कुठेही करा, इथे नको.

वॅगन आरचा कॉलम एस्टीमच्या डॅशखाली जशाच्या तसा बसत नाही. ब्रॅकेट करावा लागतो. तो डॅशच्या मागच्या मूळ आडव्या बीमवर आणि फायरवॉलच्या मूळ जागांवरच घ्यायचा, पत्र्याला भोक पाडून नाही. पातळ पत्र्यावर बसवलेला कॉलम पहिल्या दिवशी घट्ट असतो, आणि मोटरच्या उलट पिळाने काही आठवड्यांत भोकं लंबगोल होतात. ब्रॅकेटला किमान ३ मिलिमीटरची प्लेट वापरा, कोपऱ्यात तिरपा आधार द्या आणि बोल्ट ८.८ ग्रेडचे घ्या. हा आकडा बोल्टच्या डोक्यावर कोरलेला असतो.

कॉलमला मूळ ब्रॅकेटजवळ प्लास्टिकच्या पिना किंवा सरकणारी खाच दिसेल. समोरून धडक बसली तर कॉलमने तुमच्या छातीत न घुसता दबावं म्हणून ती व्यवस्था आहे. ती वेल्ड करून टाकणारा फॅब्रिकेटर दिसला तर गाडी घेऊन निघून या.

बसवल्यावर सीटवर बसून बघा: मोटर गुडघ्याला लागते का, ब्रेकचं पेडल पूर्ण दाबताना कशाला घासतं का, क्लचची केबल मोकळी आहे का, किल्ली काढल्यावर स्टिअरिंग लॉक होतं आणि लावल्यावर पूर्ण सुटतं का.

आता खालचा शाफ्ट. वरच्या टोकाला वॅगन आरचे स्प्लाइन (शाफ्टच्या टोकावर कोरलेले दाते), खालच्या टोकाला एस्टीमच्या रॅकचे. दोन्हींचे दाते मोजा आणि व्यास व्हर्नियरने घ्या. दोन्ही सुझुकीच्याच म्हणून जुळतील असं गृहीत धरू नका. जुळत असतील तर प्रश्नच मिटला. नसतील तर दोन्ही टोकांचे योग्य क्रॉस घेऊन मधला शाफ्ट चांगल्या लेथवाल्याकडून करून घ्या, ज्याच्याकडे स्प्लाइन किंवा डबल-डी (दोन बाजूंनी सपाट टोक) काटण्याची सोय आहे. दोन शाफ्ट टोकाला टोक लावून वेल्ड करायचे नाहीत, कितीही सुंदर वेल्ड असला तरी. वेल्डिंगशिवाय इलाजच नसेल तर दोन्ही शाफ्टवर आतून घट्ट बसणारी जाड स्लीव्ह, तिच्यात पाडलेल्या भोकांतून वेल्ड आणि दोन्ही कडांना पूर्ण वेल्ड. तेही प्रमाणित वेल्डरकडून.

जुने क्रॉस परत वापरू नका. हाताच्या ताकदीला जो किंचित प्ले (ढिलेपणा) चालून जात होता, तो मोटरच्या जोरापुढे काही महिन्यांत खडखडाट होतो. क्रॉसचा कोन ३० अंशांच्या आत राहील असं बघा. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एकाच रेषेत असले पाहिजेत. तसं नसेल तर स्टिअरिंग एका फेरीत दोनदा हलकं आणि दोनदा जड लागेल, आणि लोक मोटरला दोष देत बसतील.

क्रॉसचा पिंच बोल्ट शाफ्टवरच्या खाचेतूनच गेला पाहिजे. खाचेबाहेर आवळलेला बोल्टही घट्ट लागतो, म्हणून नुसतं हाताने चाचपून समाधान मानू नका, टॉर्च मारून बघा. लहान गाड्यांत या बोल्टचा टॉर्क साधारण २५ न्यूटन मीटर असतो. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा घ्या आणि टॉर्क रेंचनेच आवळा. नट नायलॉनवाले असतील तर नवेच लावा. शेवटी नट आणि शाफ्ट यांच्यावर आरपार रंगाची एक रेघ ओढा. नट सैल झाला तर ती रेघ तुटलेली दिसते.

वायरिंग

भीती वाटते तेवढं हे अवघड नाही. मोटरला लागणारी जाड पॉझिटिव्ह, जाड अर्थ, इग्निशन, वेग, इंजिनचे फेरे आणि इशाऱ्याचा दिवा. एवढंच.

लहान गाडीतली अशी मोटर उभ्या गाडीत फुल लॉकला ३०-४० अँपियर किंवा त्याहूनही जास्त ओढते. सरळ चालताना जवळपास काहीच नाही. मुख्य वायर थेट बॅटरीवरून घ्या, बॅटरीपासून वीतभर अंतरावर मूळ गाडीचा फ्यूज लावा. वायर १० स्क्वेअर एमएमची तांब्याची. जाऊन-येऊन ४ मीटर लांबी धरली तर ४० अँपियरला तिच्यात पाव व्होल्टच्या आसपास पडतो. अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरीत तोच एक व्होल्टच्या वर जातो आणि वायर तापते ती वेगळीच. थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) क्रिंप करून, म्हणजे दाबून, घ्या, पिळून टेप लावलेली जोडणी इथे चालत नाही. अर्थही तेवढ्याच जाडीची, रंग खरवडलेल्या बॉडीवर.

वेगाचा सिग्नल म्हणजे पल्स, विजेचे ठोके. केबलवर चालणाऱ्या बऱ्याच जपानी वळणाच्या स्पीडोमीटरमध्ये केबल किलोमीटरला ६३७ फेरे घेते आणि फेऱ्याला चार पल्स मिळतात, म्हणजे ताशी ६० किलोमीटरला सेकंदाला साधारण ४२ पल्स. तुमच्या गाडीत मल्टिमीटर हर्ट्झवर ठेवून हा आकडा प्रत्यक्ष बघा. फार वेगळा असेल तर कंट्रोलर वेग चुकीचा समजेल. बाजारात खोटे पल्स देणारी डबी मिळते, ती लावली की दिवा बंद होतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण मग कंट्रोलरला गाडीचा खरा वेग कळतच नाही, आणि पार्किंगसाठीचा हलकेपणा द्रुतगती महामार्गावर ताशी १०० ला तसाच राहिला तर शिंकेसरशी लेन बदलते. खरा वेग द्या.

इंजिन चालू आहे हे कळल्याशिवाय मोटर मदत देत नाही. पेट्रोल गाडीत टॅकोमीटरची वायर असते. डिझेल इंडिकासारख्या गाडीत अल्टरनेटरला डब्ल्यू टर्मिनल असेल तर तिथून फेऱ्यांचे पल्स घेता येतात. दिवा डॅशवर दिसेल असाच लावा. इग्निशनला पेटला पाहिजे, इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. दिवा टाळणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनला सांगा की बिल त्यानंतरच.

कंट्रोलर केबिनमध्ये, डॅशखाली, वरच्या अंगाला बसवा. जुन्या गाड्यांत काचेच्या रबरातून आणि फायरवॉलच्या भोकांतून पाणी पायाशी येतं, आणि कोकणातला एक पावसाळा त्याला पुरेसा असतो.

पहिली सुरुवात

रॅक मध्यावर आणा: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजून निम्मे. त्या स्थितीत स्टिअरिंग सरळ बसवा. पुढची चाकं हवेत, गाडी स्टँडवर. इंजिन सुरू करताना स्टिअरिंगला हात लावू नका आणि स्पोकमध्ये हात तर मुळीच घालू नका. ते स्थिर राहिलं पाहिजे. आपोआप एका बाजूला फिरू लागलं तर लगेच इंजिन बंद करा. टॉर्क सेन्सर बिघडलेला आहे किंवा जोडी चुकीची आहे, आणि ती गाडी रस्त्यावर नेण्याजोगी नाही, हळू चालवूनही नाही.

स्थिर राहिलं तर दोन्हीकडे फिरवून बघा, जोर सारखा हवा. मग गाडी खाली उतरवा. हेडलाइट, ब्लोअर, एसी सगळं लावून उभ्या गाडीत टोकापासून टोकापर्यंत फिरवत बॅटरीवरचा व्होल्टेज बघा. क्षणभर १२ पर्यंत आला तर चालेल. तिथेच बसून राहत असेल तर अल्टरनेटर कमी पडतोय. कंट्रोलरच्या टोकाला बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला तर जोडण्या पुन्हा तपासा.

कुणाला तरी सीटवर बसवून स्टिअरिंग थोडंसं इकडेतिकडे हलवायला सांगा आणि तुम्ही खालून एकेक जोड बघा: वरचा क्रॉस, खालचा क्रॉस, ब्रॅकेटचे बोल्ट, रॅकचे क्लॅम्प. शाफ्टबरोबर आणखी काहीही हलताना दिसता कामा नये.

यानंतर अलाइनमेंट, आणि मग मोकळं मैदान. इंजिन बंद करून मुख्य फ्यूज काढा, पुन्हा सुरू करून हळू चालवा. मोटर मदतीला नसताना ती नुसती फिरवावी लागते, म्हणून साध्या मॅन्युअल स्टिअरिंगपेक्षाही जड लागतं. वळणावर अचानक दिवा पेटला तर किती जोर लावायचा, हे हातांना आधीच ठाऊक असलेलं बरं. घरात आणखी कुणी गाडी चालवत असेल तर त्यांनाही हा अनुभव द्या. फ्यूज परत लावा, शंभरेक किलोमीटर गावातल्या गावात चालवा, रंगाच्या रेघा बघा आणि मगच घाटाचा विचार करा.

कॉलमचा आणि कंट्रोलरचा पार्ट नंबर, कोणत्या मॉडेलचे ते, फ्यूज कुठे आहे, कोणत्या रंगाची वायर कशाची, हे एका कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. नाहीतर पुढचा मेकॅनिक अर्धा तास स्टिअरिंग ऑइलची टाकी शोधेल.

आणि एक. अरुंद पार्किंगमध्ये सारखं पुढेमागे करत फुल लॉकला घेतलं की मोटर तापते. कंट्रोलर स्वतःला वाचवायला करंट कमी करतो आणि स्टिअरिंग हळूहळू जड होतं. हा बिघाड नाही. दहा-पंधरा मिनिटं न वळवता थांबा. थंड झाल्यावरही जडच राहिलं, किंवा दिवा पेटला, तर फ्यूज आणि बॅटरीची टर्मिनलं आधी बघा.